घाटनांदूरच्या नियमाचा मालक

बँकेतून फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन दारातच उभा होतो. हल्ली बँकेतून मला फोन येत नाही. निवृत्त माणसाची आठवण निघते ती सत्काराला किंवा कोणी गेल्यावर, म्हणून आधी वाटलं, कोण गेलं? पण फोन संगणक विभागाच्या मॅडमचा होता.

"सर, मोठ्या पेटीचं नवीन व्हर्जन आलंय. जुन्या नियमांना मालक मागतंय. तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक हाय? थोडे दिवस येऊन बसता का?"

मी बरं म्हणालो. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तो आता फारसा उरलेला नाही.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. आमची बँक सहकारी, मुख्य कार्यालय अंबाजोगाईला, शाखा धारूर, धर्मापुरी, घाटनांदूर अशा ठिकाणी. प्रत्येक शाखेत भिंतीला लावलेली एक लहान पेटी असते, तिला फायरवॉल म्हणतात. शाखेचे संगणक आणि बाहेरचं जग यांच्या मधे ती उंबऱ्यासारखी बसलेली असते. बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचं, आतून कोणाला बाहेर जाऊ द्यायचं, याचे नियम तिच्यात भरलेले असतात. आणि या सगळ्या लहान पेट्यांना अंबाजोगाईत बसून हुकूम देणारी एक मोठी पेटी आहे. माझ्या नोकरीच्या काळात ती आली. मीच आणवली. मी विभागप्रमुख होतो, आणि त्या पेटीचा मला तेव्हा नव्या बैलजोडीइतका अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. खोली तीच, पंख्याच्या जागी एसी. मॅडम धारूरच्या, माझ्या मुलीहून लहान. माणसाला खुर्ची देता देता चिमटा काढायची त्यांना सवय आहे.

"बसा सर. आता 'अॅडमिन' मेला बरं का."

"कोण?"

"तुमचा अॅडमिन. ते सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन होतं ना? नवीन व्हर्जननं ते काढून टाकलं. आता ज्यानं त्यानं आपापल्या नावानं आत शिरायचं."

मी हसलो, पण मला ते लागलं. आमच्या विभागात आम्ही सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डानं पेटीत जात होतो. पासवर्ड गावच्या देवीच्या नावाचा होता. पेटी आली त्या दिवशी नारळ फोडून तो ठेवला होता, आणि पुढं कधीच बदलला नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा, दरवेळी सांगायचा की पासवर्ड बदला. आम्ही म्हणायचो, देवीचं नाव कसं बदलायचं? तो कपाळाला हात लावायचा. मग आम्ही त्याला भेळ खायला न्यायचो.

त्यामुळं पेटीत कोणी काय केलं याची नोंद व्हायची, पण करणाऱ्याचं नाव एकच, अॅडमिन. चार माणसं आणि एक नाव. त्या नावाआड कोणीही उभं राहू शकत होतं. मीही राहिलो.

मॅडमनी नवीन काय काय आलंय ते मला पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. मी डोळे बारीक करून बघत होतो. प्रत्येक नियमापुढं त्याचा मालक, म्हणजे जबाबदार माणूस, आणि कारण लिहायचं. एकानं बदल मांडायचा आणि दुसऱ्यानं तो मंजूर करायचा, त्याशिवाय तो लहान पेट्यांपर्यंत जाणारच नाही. मला नवल वाटलं ते याचं की हे आम्हाला सुचलं कसं नाही. आमच्या बँकेत चहाच्या व्हाउचरवरसुद्धा दोन सह्या लागायच्या. आणि सगळ्या बँकेचं दार ज्या पेटीच्या हातात, तिथं एकच माणूस बसून, एक बोट दाबून, उठून जायचा.

मग ते तुलनेचं पान. बदल करण्याआधी पेटी कशी होती आणि नंतर कशी झाली, हे शेजारीशेजारी दिसतं, बदललेली ओळ पिवळी होते. मग कोणता नियम शेवटचा कधी वापरला गेला, तेही दिसतं. आमचे निम्मे नियम झोपलेले निघाले. भंगारात गेलेल्या प्रिंटरसाठी एक नियम अजून इमानानं पहारा देत होता. एका संचालकाच्या भाच्याच्या लॅपटॉपसाठी एक होता. तो भाचा आता दुसऱ्या पक्षात आहे.

"ह्याचा मालक कोणाला करू?" मॅडमनी विचारलं.

"पक्षाला करा."

त्या खळखळून हसल्या. मला बरं वाटलं. पण तेवढ्यात त्यांनी पुढची सोय दाखवली. नियम करतानाच त्याला शेवटची तारीख द्यायची. तारीख उलटली की नियम आपोआप बंद. कोणी लक्षात ठेवायला नको.

"हे लई भारी हाय सर. माणूस विसरतो, पेटी न्हाई विसरत."

मी म्हणालो, चहा सांगता का.

चहा आला, आणि चहाबरोबर खरी गोष्ट आली. मॅडमनी आवाज खाली आणला. नव्या व्हर्जनमधे प्रत्येक शाखेच्या एका माणसाला त्याच्या पेटीपुरतं लॉगिन देता येतं. तो आपल्या शाखेचे नियम बघू शकतो, तपासू शकतो, बदल सुचवू शकतो. सगळ्या शाखांची नावं ठरली. घाटनांदूरचं अडलंय.

"तिथं ह्यातलं कळणारा एकच माणूस हाय," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं ते प्रकरण. जनरल मॅनेजर साहेब म्हणले, त्या बंद केलेल्या नियमावर मालक म्हणून त्यांचं नाव एकदा चढवा, मग लॉगिनचा विषयच मिटला. बिचाऱ्यांची निवृत्ती जवळ आलीय. त्यांनी तीनदा फोन केला मला. म्हणतात, मॅडम, जाण्याआधी एकदा पेटी बघायची."

त्या नियमापर्यंत आम्ही अजून पोचलो नव्हतो. क्रमानं चाललो होतो, घाटनांदूर शेवटाला होतं. मला घरी जावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि तिसऱ्याही दिवशी गेलो. मालक, कारण, तारीख. मालक, कारण, तारीख. पाठ भरून यायची, डोळ्यांना पाणी यायचं, आणि प्रत्येक शाखा संपली की मला माहीत असायचं, आता ती एक जवळ आली.

ते प्रकरण काय होतं ते आता लिहितो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, रिक्षा, ट्रॅक्टर, जे पोट भरतं ते सगळं. आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. बँकेत तिजोरीची पूजा व्हायची, नोटा मोजायच्या मशीनची व्हायची, आणि आमच्या विभागात मोठ्या पेटीची. ती बंद तर करता येत नव्हती. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला होता. पेटी चालू राहील, पण दसरा होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही.

पूजा करायचा तो माझा सहकारी. माझ्या हाताखाली होता, वयानं माझ्याहून बराच लहान, धर्मापुरीकडचा. तोंडाचा तिखट. आम्ही त्याच्या टोमण्यांना भ्यायचो. पण पूजेला बसला की वेगळा माणूस व्हायचा. आधी पेटी कोरड्या फडक्यानं पुसायचा. कुंकवाची भुकटी पंख्याच्या जाळीतून आत जाऊ नये म्हणून जाळीवर कागद धरायचा. हळदकुंकवाच्या वर भस्माच्या तीन रेघा ओढायचा, घरच्या देवाला ओढतात तशा. झेंडूची माळ तो स्वतः ओवायचा.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तो झेंडू आणायला बाजारात गेला होता. खोलीत मी एकटा. पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. घाटनांदूर शाखेच्या सर्व्हरचं काम सुट्टीत दुरून करायचं ठरलं होतं. एरवी आम्ही त्यांच्या इंटरनेटच्या एकाच पत्त्याला दार उघडून द्यायचो, काम झालं की बंद करायचो. फोनवरचा माणूस म्हणाला, सर, सुट्टीत आमची पोरं आपापल्या गावाहून काम करतील, पत्ता एक सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं. पूजा मांडली की पेटीला हात लावायचा नव्हता. मग कोण उघडणार आणि कोण झाकणार? मी बसलो आणि घाटनांदूरच्या पेटीत नियम टाकला. कुठूनही येणाऱ्याला आत सोड. दसरा झाला की बंद करू असं मनाशी म्हटलं.

मी खुर्चीतच होतो तेव्हा तो पिशवी घेऊन आला.

"झालं का साहेब? मांडू का पूजा?"

"झालं."

"मग उठा. आता हात लावायचा न्हाई बरं का, तुमीपन."

मी उठलो. दसरा झाला, सोनं वाटलं, दिवाळी आली. मी विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टींच्या मागं काही डाव असतो, लोभ असतो. मी फक्त विसरलो.

थंडीत एका सकाळी घाटनांदूर शाखा उघडली तर प्रत्येक संगणकावर इंग्रजीत धमकी. आतली सगळी कागदपत्रं कोणीतरी कुलूपबंद केली होती. उघड्या दारातून शिरला होता. पुढं कित्येक आठवडे तिथली माणसं जुनी व्हाउचरं काढून सगळं पुन्हा हातानं भरत होती, आणि सभासद बाहेर ओट्यावर बसून त्यांना शिव्या देत होते. मी त्याच सकाळी नियम शोधला आणि बंद केला. काढून टाकला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

चौकशी झाली. सभागृहात लांब टेबलाशी काही संचालक, आणि अहवाल लिहायला एक अधिकारी. तेच आजचे जनरल मॅनेजर. पेटीनं तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि नाव सांगितलं, अॅडमिन. मला विचारलं, "त्या संध्याकाळी पेटी कोणाच्या ताब्यात होती?"

मी म्हणालो, "पूजा तो करायचा, साहेब."

एवढंच बोललो. प्रत्येक शब्द खरा होता. संचालकांपैकी एकजण म्हणाला, "पूजा करता करता बटन दाबलं आसंल गड्यानं." टेबल हसलं. मीही हसलो.

तो बाहेर बाकावर बसला होता. मी दारातून बाहेर आलो तसा उठून जवळ आला. "साहेब, काय सांगितलं तुमी?"

"मी कुठं काय सांगितलं?"

त्याचं लॉगिन गेलं. त्याला घाटनांदूर शाखेत पाठवलं, जिथं नुकसान झालं त्याच माणसांमधे, पासबुकं छापायला. मी निवृत्त होईपर्यंत विभागप्रमुख राहिलो. निरोप समारंभात मला शाल मिळाली. भाषणात कोणीतरी म्हणालं की सरांच्या काळात पेटीला कधी डाग लागला नाही, लागला तो एकदाच, आणि तोही सरांनी लगेच पुसला.

आता परत त्या खोलीत. घाटनांदूरची पेटी उघडली. नियम क्रमानं आले, आणि शेवटाला तो, राखाडी रंगात, मधून रेघ मारलेला. मालक, कोरं. कारण, कोरं. मॅडमची बोटं कीबोर्डवर होती.

"ह्याचं तर ठरलेलंच हाय ना सर? त्यांचं नाव टाकते."

"थांबा."

त्या थांबल्या. मला आठवतं, मला त्या क्षणी काही भलं करावं असं वाटलं नाही. मी दमलो होतो. इतके दिवस प्रत्येक नियमाला खरा मालक शोधून दिला होता, भंगारातल्या प्रिंटरलासुद्धा, आणि एवढ्या एकाला खोटा द्यायचा म्हणजे पुन्हा सगळं धरून ठेवायचं. ते आता माझ्यानं होत नव्हतं.

"माझं टाका," मी म्हणालो.

"मजाक करताय का सर?"

"नाही. तो मी केला होता. तो बाजारात गेलता."

किती वर्षांनी माझ्या तोंडून गावाकडचं 'गेलता' निघालं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत राहिल्या. मग माझं नाव टाकायला गेल्या आणि म्हणाल्या, "घेत न्हाई."

"काय घेत नाही?"

"तुमचं नाव. मालक म्हणून फक्त चालू माणसं घेतंय. निवृत्त माणूस मालक होत न्हाई."

मला हसू आलं. खरं बोलायला बसलो तर पेटीच ऐकून घ्यायला तयार नव्हती. पण मॅडम हट्टी. त्यांनी पुस्तिका चाळली, मग एक वाट काढली. माझ्या नावाचं एक लॉगिन करायचं, त्याला कसलाही अधिकार नाही, आत येण्याची परवानगीसुद्धा नाही, फक्त नाव. पण नवं नाव घालायचं तर दुसऱ्याची मंजुरी हवी. आणि मंजुरी देणारे जनरल मॅनेजर साहेब.

साहेब खाली आले. मोठ्या शेतीवाल्या घरातले, बोलताना सवयीनं हात लांब करणारे. मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर फिरवून फिरवून सांगितलं असतं.

"आता कावून उकरता सर?" ते म्हणाले. "लोक विसरले."

"त्याला लॉगिन मिळत नाही त्याच्यापायी."

"आवो मग देऊ की लॉगिन! तुमी म्हणता म्हटल्यावर देऊ. पण तुमचं नाव कशाला? अहवाल मी लिहिलाय. उद्या कोणी इचारलं तर मी काय येडा ठरू? मालक कोरा ठेवा."

मॅडम हळूच म्हणाल्या, "साहेब, कोरं राहत न्हाई. नवीन व्हर्जन कोरं घेत न्हाई. मालक भरायची मुदत संपली की रोज तांबडं होऊन दिसणार, तुमच्याच पडद्यावर."

साहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग छताकडं. "कोणी मागवलं बे हे व्हर्जन?"

"तुमीच सही केली साहेब."

ते 'बघतो' म्हणून निघून गेले. पडद्यावर माझ्या नावापुढं पिवळी खूण राहिली, मंजुरीच्या प्रतीक्षेत.

ती खूण तशीच असताना मी घाटनांदूरला गेलो. मंजुरी आल्यावर गेलो असतो तर ते सोपं झालं असतं. एसटीत उन्हाच्या बाजूची जागा मिळाली. गुडघे समोरच्या सीटला लागत होते. शाखेत पोचलो तेव्हा तो खिडकीशी पासबुक छापत होता. केस सगळे पांढरे. मला बघून उठला नाही.

"या साहेब. बसा. ह्यांचं होऊ द्या."

म्हातारीचं पासबुक छापून झालं, दुसऱ्याचं झालं. आतून कोणीतरी ओरडलं, "पुजारी, चहा आलाय रे!" आणि त्यानं मान न वळवता हात केला. मी विचारलं, पुजारी कोण?

"मीच की. इथं समद्या ब्रँचमधे मला पुजारीच म्हणतात. दर खंडेनवमीला एखादा तरी म्हणतो, पुजारी, पेटीला हात लावू नको रे, मागल्यासारखं होईल." तो हसला नाही. "तवापासून मी मशीनला हळदकुंकू लावलं न्हाई. घरच्या शिवणयंत्राला बी बायको लावती."

मी सांगितलं. झेंडू, फोन, नियम, सभागृह. त्यानं ऐकताना शिक्का शाईत दाबून ठेवला होता, तो उचललाच नाही.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय?"

"मी फुलं घेऊन आलतो तवा तुमी खुर्चीतच होतात की. मी तर म्हटलं, उठा. पूजा मांडल्यावर पेटीला हात लावायचा न्हाई हे मी पाळायचो साहेब. तुमी समदे हसायचात, मी पाळायचो. आन् माझ्यावरच आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? पुरावा काय? अॅडमिन." त्यानं शिक्का उचलला, त्याखाली जांभळा डाग पडला होता, तो अंगठ्यानं पुसायला लागला. "मी म्हटलं, साहेब बोलतील. आज न्हाई तर उद्या बोलतील. तुमी शाल घेतली त्या दिवशी बी आलतो मी. मागं उभा होतो. वाटलं, आज तर बोलतील."

मी माफी मागितली. त्यानं डाग पुसून शिक्का डबीत ठेवला. मग विचारलं, "नवीन व्हर्जनमधे काय काय आलंय?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. ज्याचं त्याचं नाव, दोन माणसांची मंजुरी, झोपलेले नियम, पिवळी ओळ. तो मधेमधे विचारत होता, माझ्या आठवणीतला तोच तिखट माणूस, मंजूर करणारा रजेवर असला तर काय, विजेचा खेळखंडोबा झाला तर नोंद राहते का. काही मला सांगता आलं, काही नाही. शेवटच्या तारखेचं सांगितलं तेव्हा त्यानं बोटांवर दिवस मोजले.

"म्हंजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप बंद झाला असता."

"हो."

"मग काय झालंच नसतं."

"नसतं."

तो म्हणाला, "पेटीनं केलं असतं ते. तुमी न्हाई." आणि खिडकीशी माणूस आला तसा तिकडं वळला. मी बराच वेळ बसलो. मग एसटीच्या वेळेला उठलो. त्यानं मान हलवली. निरोप तेवढाच.

पुढं मंजुरी आली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, जुनी नोंद दुरुस्ती. ते शाखेत कोणाला काही सांगणार नव्हते, हे मला त्या शेऱ्यावरूनच कळलं. पण माझं नाव मालक म्हणून चढलं. कारणाच्या चौकटीत मी मॅडमना लिहायला सांगितलं होतं, दसऱ्याच्या सुट्टीत सर्व्हरच्या कामासाठी. घाटनांदूरचं लॉगिन त्याला मिळालं.

मला वाटलं, संपलं. मग मॅडमचा फोन आला. त्या आधी हसल्या, मग हसायचं थांबल्या.

"सर, तुमचं परत आलंय."

नव्या व्हर्जनमधे शाखेचे सगळे नियम एकदा त्या शाखेच्या माणसाकडं तपासायला जातात. तो पटलं तर पक्के करतो, नाही पटलं तर परत पाठवतो. त्यानं घाटनांदूरचे बाकीचे सगळे पक्के केले. हा एकच परत पाठवला. शेरा लिहिला होता: कारण अपुरं आहे. पूर्ण लिहा.

"किती लिहायचं ते काय सांगितलं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "चौकटीत फार मावत न्हाई सर. पण सोबत कागद जोडता येतो आता."

म्हणून हे लिहायला बसलो. आठ दिवस झाले असतील, जास्तही असतील. चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि काही ठिकाणी मी मला सांभाळून घेत होतो तेवढं खोडून पुन्हा लिहिलं आहे. ज्यांनी त्याला शाखेत पुजारी म्हटलं, अजून म्हणतात, त्यांनी हे वाचावं. त्या संध्याकाळी पेटीला हात लावू नका असं म्हणणारा एकटा तोच होता.

चौकटीत मी लिहून पाठवलं: दार मी उघडलं आणि झाकायला विसरलो. विचारलं तेव्हा त्याच्याकडं बोट केलं. बाकी सोबतच्या कागदात.

पुढचं माझ्याजवळच्या प्रतीत लिहितोय. काल मॅडमना विचारलं, आलं का काही? म्हणाल्या, त्यांनी उघडून वाचलंय एवढं दिसतंय सर. पक्कं केलेलं न्हाई. परत बी पाठवलेलं न्हाई.